प्रत नसलेलं पान

“मग कोणतं पान काढायचं, सर?”

उन्मेष पारखेनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

विश्रामबाबा मंडपाच्या खांबाला टेकून बसले होते. डोळे उघडे होते, पण समोर कुणी बसलंय हे त्यांच्या गावीही नसावं, असे.

स्वयंपाकघरातून गोदाक्का डोकावली. मठाचा स्वयंपाक तीच बघायची. “पानं घ्यायला अजून येळ हाय. कालवण शिजायचंय,” ती म्हणाली.

“जेवणाची पानं नाहीत, आक्का. दुसरी.”

“बरं,” म्हणून ती आत गेली.



बालाघाटाच्या एका उघड्या माळावर हा नाथपंथी मठ होता. एक समाधी, दगडी मंडप, मागे तीन खोल्या. गाव खाली, दीड कोसावर. विश्रामबाबा इथे आले त्याला नऊ वर्षं झाली होती. त्याआधी ते प्राध्यापक विश्राम खरोटे होते आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टीम शिकवत. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाच्या आतला कारभारी. कुणाला किती जागा, कुणाची पाळी आधी, हे ठरवणारा.

उन्मेष त्यांचा विद्यार्थी. सरांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, असं लोक म्हणत. लोक म्हणेनासे झाले तेव्हा तो स्वतः म्हणू लागला.

गेली वीस वर्षं त्याचं काम एकच होतं. संगणकाला हाताशी जागा थोडी असते. मागे कोठार मोठं असतं, पण तिथून काही आणायचं तर वेळ लागतो. हाताशी असलेल्या जागेत माहितीची पानं मांडलेली असतात. जागा भरली आणि नवं पान आलं की आधीच्यांतलं एक उचलावंच लागतं. कोणतं उचलायचं, त्याचा नियम उन्मेषनं लिहिला होता. ज्याला सगळ्यात जास्त काळ कुणी हात लावला नाही, ते.

नियम गाजला. पुष्कळ यंत्रांत बसला. त्यांतलं एक यंत्र डोंगरातल्या एका लहानशा धरणावर होतं.

तिथे पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजायला हवा. भोंग्याचं पान अकरा महिने कुणी हाताळलं नव्हतं. गेल्या भाद्रपदात पाऊस वाढला, यंत्रात आकड्यांची रीघ लागली, जागा पुरेना, आणि नियमानं ते पान उचलून मागे टाकलं. पुढे भोंगा वाजवायची वेळ आली तेव्हा कोठाराच्या तोंडाशी इतकी गर्दी होती, की पान परत यायला चार मिनिटं लागली.

धरणाची दारं मात्र वेळेवर उघडली होती.

खाली नदीत जाळं काढायला दोघं भाऊ उतरले होते.

चौकशीत कुणाचीच चूक निघाली नाही. यंत्र नियमाप्रमाणे वागलं, एवढंच लिहून आलं. ते वाचून उन्मेषला आधी हायसं वाटलं. नंतर त्या हायसं वाटण्याचीच त्याला भीती वाटू लागली. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आज आल्या आल्या सरांना धरणाची सगळी हकीकत सांगितली, तीही एवढं गाळूनच.

“फेरी मारून येतो,” बाबा एकदम म्हणाले. “बस.”

मंडपाला सोळा खांब होते. बाबा एकेका खांबाशी थांबत, त्यावर तळहात टेकवत, ओठ हलवत, आणि पुढे जात.

उन्मेषला हसू आलं. सर हेच तर शिकवायचे. घड्याळाचा काटा फिरावा तशी फेरी. काटा प्रत्येक पानापाशी येतो. मधल्या काळात त्या पानाला कुणी हात लावला असेल तर त्यावर खूण उमटलेली असते. काटा ती खूण पुसतो आणि पान सोडून देतो. पुढच्या फेरीत खूण पुन्हा दिसली नाही, तर पान जातं.

फक्त, सर कुणाच्या खुणा पुसत होते ते त्याला कळेना.

गोदाक्कानं चहा आणून ठेवला आणि तिथेच पायरीवर टेकली.

“पयल्यांदाच आलात हितं.”

“हो. सरांना भेटून बारा वर्षं झाली.”

“मग येळेवर आलात. त्येंचं आता थोडंच राह्यलंय.”

“आजारी आहेत का?”

“दागदर म्हंतो म्हातारपणाचा इसर. पर माझा सासरा इसरूनच मेला, मी बघितलंय. त्येचं फाटक्या धोतरावानी झालतं. हितं भोक, तितं भोक. बाबांचं तसं न्हाई. त्येंचं एकेक आख्खं जातं.” तिनं हवेत बोटांनी काहीतरी अलगद उचलून दाखवलं. “मागल्या महिन्यात आई गेली.”

“सरांची आई? त्यांना जाऊन तर...”

“तशी न्हाई. ध्यानातनं गेली. खालच्या शाळंतल्या बाई आल्या होत्या, त्येंना बसवून दिसभर आईचं सांगितलं. दुसऱ्या दिशी मी सहज म्हनलं, बाबा, तुमच्या आईचं म्हायेर कंचं? तर माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी माझ्याच आईचं इचारतेय.”

उन्मेषनं चहाचा कप उचलला.

“त्या बाई परत दोनदा येऊन गेल्या. त्येंची सोताची आई लहानपनीच गेलेली. आता म्हंत्यात, सकाळी चुलीकडनं कुणीतरी हाक मारतंय. विशू, ताक घे. घरात त्या एकल्याच ऱ्हात्यात.”

बाबा सहाव्या खांबाशी पोचले होते. तिथे ते जरा जास्त वेळ थांबले, मग मान हलवून पुढे गेले.

“तुम्हालाही काही सांगितलं त्यांनी?”

गोदाक्का पदराला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

“मला पवता येत न्हाई,” ती म्हणाली. “आमच्याकडं प्यायाला पानी न्हाई, पवायला कुठलं? मी ह्यो तालुका सोडून गेले न्हाई. पर दुपारचं जरा आडवं झालं, की किष्णामाईचं पानी कानात जातंय. गार. घाटाच्या कितव्या पायरीला शेवाळ हाय त्ये मला ठावं हाय.”

“कितव्या?”

“सातव्या,” ती म्हणाली, आणि त्याचा रिकामा कप उचलून आत गेली.

बाबा फेरी संपवून परत आले. खांबाला न टेकता, ताठ बसले. नजर आता स्वच्छ होती, वर्गात असायची तशी.

“तुझा नियम सांग.”

“जास्त काळ न लागलेलं जातं.”

“ज्याला नुकताच हात लागलाय ते?”

“राहतं.”

“एखाद्यानं काम नसताना नुसतंच चाळलं तर?”

“...तरी राहतं. पण त्यावर मी पुढे उपाय केला, सर. एकदाच चाळलेली पानं वेगळी, पुन्हा पुन्हा लागणारी वेगळी. दोन याद्या केल्या. यापेक्षा चांगलं आजवर कुणी...”

“भोंगा कोणत्या यादीत होता?”

उन्मेषनं याद्या दाखवायला वर केलेली दोन बोटं मिटली.

“पान लागतंय की नाही, हे तुला कळतं कसं?” बाबांनी विचारलं.

“खूण पुसायची आणि वाट बघायची. लागत असेल तर ती परत उमटते.”

“म्हणजे लागतं का हे कळायला आधी विसरून बघावं लागतं.”

“तसं म्हणता येईल.”

“आणि पुसल्यापासून उमटेपर्यंत मध्ये जो सापडला, तो?”

उन्मेषनं मान खाली घातली. समोरच्या फरशीवरून एक मुंगळा चालला होता, त्याच्याकडे तो बघत राहिला.

“ते दोघं भाऊ,” बाबा म्हणाले. “नावं काय त्यांची?”

उन्मेषनं तोंड उघडलं...

नावं त्याला पाठ होती. अहवाल आला त्या आठवड्यात ती उठता बसता त्याच्या डोक्यात होती. दाढी करताना होती, लिफ्टमध्ये होती. आता त्यानं हात घातला तर तिथे काहीच नव्हतं. अडखळणं नाही, पहिलं अक्षर नाही, जिभेवर काही घोळत असल्याची भावनाही नाही.

“अहवालात आहेत,” तो म्हणाला.

“म्हणजे प्रत आहे.”

“हो.”

“म्हणून काढून टाकलीस.”

भर दुपारी उन्मेषच्या अंगावर काटा आला. नावं गेली याचं त्याला तितकं वाटलं नाही. ती कधी गेली, हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

“काढायच्या आधी काय बघायला शिकवलं होतं मी?” बाबांनी विचारलं.

उन्मेषनं वर्गात उभं राहून सांगावं तसं सांगितलं. “पान आणल्यापासून त्यावर काही नवं लिहिलं गेलंय का, ते. नसेल तर खुशाल टाकून द्यायचं, कोठारात तसंच दुसरं असतं. लिहिलं गेलं असेल तर आधी बाहेर उतरवून घ्यायचं. नाही तर ते जगातून जातं.”

“जगातून जातं,” बाबा म्हणाले. “बरोबर. माझ्याकडे तसलं एक पान आहे. बाहेर कुठेच नाही. बावीस वर्षं मी त्याला खिळा ठोकून ठेवलंय. त्याच्यासाठी बाकीची काढत आलो. गणित दिलं. नदी दिली. आई दिली. आता आणखी काढायला काही उरलेलं नाही, उन्मेष... आणि काटा तर रोज फिरतो.”

“मी तुमच्याकडे उपाय विचारायला आलो होतो, सर.”

“लिहून घे.”

उन्मेषनं पिशवीतून लॅपटॉप काढला. तो उघडणार एवढ्यात बाबांनी झाकणावर तळहात ठेवला. मघाशी खांबांवर ठेवत होते तसाच.

“यात नको.”

उन्मेषच्या कानात गोदाक्काचं बोलणं अजून ताजं होतं. त्यानं लॅपटॉप बाजूला सारला.

“मी नाही घेतलं तर?”

“तर जाईल. तुला हायसं वाटेल.”

उन्मेषनं मांडी नीट घातली.

“सांगा,” तो म्हणाला.

“कॉलेजातली माझी खोली,” बाबा म्हणाले. “तुमचं शेवटचं वर्ष. दुपार. तू माझ्या टेबलाशी बसून मला तुझा नियम समजावत होतास. तेव्हा एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. रोहिणी उबाळे.”

उन्मेषला नावावरून काही आठवलं नाही.

“तुमच्याच वर्गातली. मागच्या बाकावरची. तुझा नियम मी नोटीसबोर्डावर लावला होता, तो तिनं वाचला होता. म्हणाली, सर, यात एक राहिलंय. काही गोष्टी वर्षभर लागत नाहीत, पण लागतात तेव्हा त्याच क्षणी लागतात. त्यांना जागेवर खिळवून ठेवायची सोय पाहिजे. कितीही गर्दी झाली तरी त्यांना कुणी उचलू नये.”

“मग?”

“तू हसलास.”

“मला आठवत नाही, सर.”

“नाहीच आठवणार. तुला ते पुन्हा कधी लागलंच नाही.”

बाबांचा आवाज शांत होता. त्यात राग नव्हता.

“तू म्हणालास, वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीला रोज जागा द्यायची का? मग मीही हसलो. तिला म्हटलं, आम्ही डबा खातोय, नंतर ये. ती गेली नाही. तशीच उभी राहिली. मी उठलो आणि दार लोटून घेतलं.”

“ती नंतर आली?”

“त्याच पावसाळ्यात काविळीनं गेली. मागे कुणी नव्हतं. एक मामा येऊन सामान घेऊन गेला. तिनं ते कुठे छापलं नाही, कुणाला सांगितलं नाही. ती दारात उभी होती, एवढंसुद्धा जगात माझ्याशिवाय कुणाला...”

बाबा थांबले. कपाळावर आठी उमटली.

“तिच्या हातात...”

“काय होतं हातात?”

“कुणाच्या?”

“रोहिणीच्या, सर.”

“हं. तिच्या हातात...” ओठ हलले. शब्द आला नाही. त्यांनी दोन्ही हात छातीशी घेतले, काहीतरी धरल्यासारखे, आणि मग त्या हातांकडेच नवलानं पाहिलं.

“निळी वही,” उन्मेष म्हणाला.

आणि दचकला. वहीचं नाव कुणी काढलंच नव्हतं.

पण ती त्याला दिसत होती. एक कोपरा भिजून फुगलेला. तिच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो पांढऱ्या दोऱ्यानं बांधला होता. खोलीत डब्यातल्या मेथीच्या भाजीचा वास होता. हे सगळं तो सरांच्या खुर्चीतून पाहत होता. टेबलापलीकडे वीसएक वर्षांचा एक मुलगा पाठ मागे टाकून हसत बसला होता. त्याला तो मुलगा मुळीच आवडला नाही. तो कोण आहे, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला.

“पुढे?” बाबांनी विचारलं. दुसऱ्याची गोष्ट ऐकताना माणूस विचारतो, तसं.

उन्मेष सांगू लागला. त्याला थांबता येईना. तिची सावली खोलीत किती आत आली होती ते त्यानं सांगितलं. नंतर ये म्हटल्यावर तिनं मान हलवली, पण पाय हलवले नाहीत, ते सांगितलं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज सांगितला.

“दार हलकं होतं,” तो म्हणाला. “पण लोटताना शेवटी जरा अडलं. पलीकडून तिनं हात टेकवला होता... जोर नव्हता लावला. नुसता टेकवला होता. मग मी अजून थोडं लोटलं.”

त्याचा उजवा तळहात पुढे झाला होता, हवेत, उभा. तो त्याला खाली घेता येईना. पलीकडचं ते एवढंसं वजन अजून हाताला लागत होतं.

“वाईट झालं,” बाबा म्हणाले. “कुणाची म्हणायची ही मुलगी?”

उन्मेषनं त्यांच्या चेहऱ्यात काही खोट सापडते का ते शोधलं. पुसलेल्या पाटीसारखा चेहरा होता. आठी गेली होती. ते दहा वर्षांनी लहान दिसत होते. उठून ते रांजणापाशी गेले, हातपाय धुतले, उपरण्यानं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता काहीतरी गुणगुणलेही.

गोदाक्का दारात येऊन उभी होती. तिनं आधी बाबांकडे पाहिलं, मग उन्मेषच्या उभ्या तळहाताकडे.

“उतरलं?” तिनं हळूच विचारलं.

त्यानं मान हलवली.

“पयल्यांदा लई जड जातंय,” ती म्हणाली. जवळ येऊन तिनं त्याचा हात मनगटाला धरला आणि लहान मुलाचा घ्यावा तसा खाली घेतला. मग आत गेली.

उन्मेष कसाबसा उठला.

“सर, मी परत गेलो की आधी हेच करतो. नियमात तो खिळा घालतो. तिचं नाव लावून घालतो. आणि त्या भावांच्या घरी जातो.” त्यानं एक पाऊल पुढे टाकलं. “तुम्ही ऐकताय ना, सर?”

बाबा अदबीनं ऐकत होते. परक्या गावच्या पाहुण्याचं ऐकावं तसं. मग ते हसले, आणि त्या हसण्यात ओळखीचा मागमूस नव्हता.

“तुम्ही लांबून आलेले दिसता,” ते म्हणाले. “जेवल्याशिवाय जाऊ नका.”

बोलता बोलता त्यांची नजर उन्मेषच्या खांद्यावरून मंडपाच्या दाराकडे गेली आणि तिथेच थांबली.

उन्मेषनं वळून पाहिलं. उंबऱ्यावर ऊन पडलं होतं. बाहेर माळ रखरखत होता. माणूस काय, चिटपाखरूही नव्हतं...

“बाहेर एक मुलगी कधीची उभी आहे,” बाबा म्हणाले. “माझ्या ओळखीची नाही. तुमच्याकडे आली असेल.”